‘तीरा’वरची शेगडी

त्या उन्हाळ्यात ‘शेगडी’ हा शब्द माझ्या तोंडून जितक्या वेळा गेला, तितक्या वेळा नवऱ्याचं नावही गेलं नसेल. सकाळच्या कॉफीबरोबर शेगडी, शनिवारी सौनात, तापल्या दगडांवर पाणी ओतून केलेल्या वाफेत, घाम गाळत बसलं तरी शेगडी. आणि ही शेगडी होती कुठे? आमच्या पडवीत, खोक्यात बंद, आणि खोक्यावर ताउनोचे रबरी बूट.

ताउनो म्हणजे माझा नवरा. पेन्शनीत जाण्याआधी तो शाळेत सुतारकाम शिकवायचा आणि मी त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होते. अकराला जेवण म्हणजे अकराला जेवण. मुलं थाळ्या घेऊन रांगेत उभी असताना ‘अजून विचार चाललाय’ असं सांगून भागत नाही. ताउनोच्या वर्गात मात्र पाखरांचं घरटं करायला घेतलेला मुलगा शाळा सोडून जायची वेळ आली तरी त्याच फळीवर रंधा मारत असायचा. हा फरक मला लग्नाआधीपासून ठाऊक होता, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही. पण एप्रिलमध्ये जे ठरलं त्यात रंधा मारत बसायला सवड नव्हती.

एप्रिलमध्ये माझे सासरे न्यूमोनियातून उठले. नीलो त्यांचं नाव, वय नव्वदीला टेकलेलं. दवाखान्यातून ते परत वृद्धनिवासात आले तेव्हा आम्ही वेलचीचा गोड पाव घेऊन भेटायला गेलो. कॉफी पिऊन झाली, हवेवर बोलून झालं, आणि मग खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “एकदा रुइस्कारीच्या खाडीत रात्र काढायची आहे. शेकोट्यांच्या शनिवारी. मग झालं.”

रुइस्कारी हे त्यांचं जन्मगाव, म्हणजे एक खडकाळ बेट. घर केव्हाच विकलं गेलं, आता तिथे हेलसिंकीचे लोक उन्हाळ्यापुरते येतात. पण ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, उन्हाळा संपल्याच्या शेकोट्या पेटतात तेव्हा, मूळची माणसं कुठून कुठून बोटी घेऊन त्या खाडीत जमतात. मी या घरात आल्यापासून माझ्या सासऱ्यांनी कुणाकडे मीठसुद्धा मागितलेलं मला आठवत नाही, उठून स्वतः घ्यायचे. त्यांनी काहीतरी मागितलं म्हणून मला फार बरं वाटलं. ताउनोने कप खाली ठेवला आणि कोटाचं बटण लावायला घेतलं.

माझी नणंद राईली नर्स आहे. तिने लगेच अट घातली. बाबांची फुप्फुसं आता ओल सोसणार नाहीत, केबिन कोरडी आणि उबदार असेल तरच जायचं. तिचं बरोबरच होतं. ‘तीरा’ ही आमची शिडाची बोट लहान आहे, दोघं नीट झोपतात, तिसरा आला तर सांभाळून. स्वयंपाकाला स्पिरिटचा जुना स्टोव्ह. तो पेटवला की केबिन गरम व्हायच्या आधी ओली होते, खिडक्यांवरून पाणी ओघळतं आणि उशीत झिरपतं. बोटक्लबातला आमचा शेजारी काउको म्हणाला की माझ्या मोटारबोटीने नेतो, शेकोट्या बघून त्याच रात्री परत. हे बाबांच्या कानावर घातलं तर म्हणाले, टाकून परत फिरायला मी काय टपाल आहे? तेव्हा शेगडी बसवणं आलं. डिझेलवर जळणारी, बिडाची, लहानशी. वरच्या तव्यावर कॉफीचं भांडं आणि सूपाचं पातेलं राहील, धूर नळातून वर डेकबाहेर जाईल, आणि केबिन कोरडी राहील. दुकानदाराने सांगितलं की एका शनिवार-रविवारचं काम आहे. तो ताउनोला ओळखत नव्हता.

ताउनोने आधी पुठ्ठ्याची शेगडी केली. खरीच्या मापाची, पायांसकट, दार उघडणारी. बोट तेव्हा अजून हिवाळ्याची जमिनीवरच होती, टेकूंवर. ही पुठ्ठ्याची शेगडी केबिनमध्ये ठेवून आपण तिच्याबरोबर थोडे दिवस राहून बघू, असं त्याचं म्हणणं. जमिनीवरच्या बोटीत शिडी लावून चढायचं, पुठ्ठ्याच्या शेगडीसमोर बसायचं, आणि आपले गुडघे कुठे लागतात ते बघायचं. मी एकदा सवयीने तिच्यावर कॉफीचा कप ठेवला, तो आत गेला. ताउनोने नवीन पुठ्ठा कापायला घेतला.

शेवटी जागा ठरली, आणि मे महिन्यात त्याने डेकला भोक पाडलं. गोल, सुबक, हात फिरवत राहावं असं भोक. त्याच्या कडांना त्याने वार्निशचे हात दिले, एक वाळला की दुसरा. मग बोट पाण्यात उतरली, क्रेनने डोलकाठी उभी केली, शिडाचा आडवा दांडा बसवला, आणि तो दांडा बरोबर त्या भोकाच्या डोक्यावर आला. धुराडं तिथे लावलं असतं तर पहिल्याच वळणाला शिडाने ते उडवलं असतं, नाहीतर धुराड्याने शीड जाळलं असतं. ज्या माणसाने पुठ्ठ्याच्या शेगडीला दार केलं, तो डोलकाठी विसरला. कारण मोजमाप चाललं होतं तेव्हा डोलकाठी शेडमध्ये आडवी पडलेली होती. दर हिवाळ्यात बोटी उघड्याबोडक्या करून ठेवणाऱ्या आमच्या लोकांनाच असली चूक जमते. मी कपाळावर हात मारून घेतला. ताउनो म्हणाला, बरं झालं आत्ताच कळलं.

भोक बुजवायला जून गेला. नुसतं बूच मारून चाललं नसतं का? नाही. त्याच लाकडाचा तुकडा हवा, त्याच्या रेषा डेकच्या रेषांना जुळायला हव्यात. ऐन उन्हाळ्याचा सण, रात्रभराचा उजेड, दारोदारी बर्च झाडाच्या डहाळ्या, धक्क्यावर भाजल्या जाणाऱ्या माशांचा वास, क्लबातल्या सगळ्या बोटी बाहेर पडलेल्या, आणि आम्ही दोरीला बांधलेले. लोकांचा उन्हाळा समुद्रात गेला, माझा लाकडाच्या रेषा जुळण्याची वाट बघण्यात.

दुसरं भोक बरोबर जागी पडलं. मला वाटलं आता मिटलं. पण तेव्हा काउको सुरू झाला.

आमच्याकडे कुणी कुणाला सल्ला देत नाही, तो उद्धटपणा समजतात. त्याऐवजी माणूस येतो, खिशात हात घालून धक्क्यावर उभा राहतो, बघतो, बराच वेळ बघतो, ‘हं’ म्हणतो आणि निघून जातो. काउको रोज संध्याकाळी कुत्रा फिरवायला निघायचा आणि आमच्या बोटीपाशी थांबायचा. त्याने नळाच्या वाकाकडे बघून ‘हं’ केलं, त्या रात्री ताउनोने नळ काढला. त्याने शेगडीमागच्या पत्र्याकडे बघून ‘हं’ केलं, पत्रा निघाला. डिझेलच्या टाकीची उंची वाढली आणि परत कमी झाली. एकदा तर काउको फक्त खोकला होता, तरी ताउनोला आत जाऊन स्क्रू सैल करताना मी पाहिलं. मी काउकोला विचारलं की तुला नक्की काय खटकतं. तो दचकून म्हणाला की मला काहीच खटकत नाही, मला तर ती शेगडी फार आवडते.

आणि दर रविवारी बाबांचा फोन. इकडचं तिकडचं काही नाही. “पेटली का?”

“अजून नाही, बाबा.”

“बरं.”

तो ‘बरं’ माझ्या काळजात रुतायचा. राईली सांगत होती की त्यांची बॅग जूनपासून दाराजवळ भरून ठेवलेली आहे. लोकरी मोजे, दाढीचं सामान, आणि शिट्टीची किटली, जी त्यांच्या आईची होती आणि जी बोटीवर न्यायची काहीच गरज नव्हती. साफसफाईची मुलगी दर वेळी ती बॅग उचलून खुर्चीवर ठेवते आणि ते परत दाराजवळ नेऊन ठेवतात. मी हे ताउनोला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पॉलिश पेपरचा नवीन तुकडा फाडला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिवस लहान व्हायला लागले होते, सकाळी धक्क्याच्या फळ्या ओल्या असायच्या, आणि हा माणूस नळाच्या आतली बाजू घासत होता, जी देवालाही दिसणार नव्हती.

म्हणून मी एका सकाळी जाहीर करून टाकलं की शेकोट्यांच्या आधीच्या रविवारी शेगडी पेटणार, आणि ती बघायला बाबा येणार, मी त्यांना कळवलंय. ताउनो म्हणाला, दाराची बिजागरी अजून जरा. मी म्हटलं, बिजागरी गेली खड्ड्यात.

रविवारी राईली कामावर होती, म्हणून मीच बाबांना गाडीतून आणलं. काउकोने आणि ताउनोने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून बोटीत उतरवलं. ते केबिनमध्ये शेगडीसमोरच्या बाकावर बसले, टोपी गुडघ्यावर. ताउनोने डिझेलची तोटी सोडली, काडी लावली, झाकण बंद केलं आणि खबरदारी म्हणून समुद्राच्या पाण्याची बादली शेगडीशेजारी ठेवली. बोटीतलं पाणी उपसायचा पत्र्याचा डबाही तिच्याजवळ होता, दांडा लावलेला.

पेटली. काही झालं नाही, धूर झाला नाही, वास आला नाही. दाराच्या काचेमागे निळी ज्योत गोल फिरायला लागली आणि थोड्या वेळात केबिन अशी तापली की काउकोने जाकीट काढलं, मग स्वेटर, मग शर्ट. बाबांनीही गंजीफ्रॉकपर्यंत मजल मारली. बाहेर बारीक पाऊस, आत लाकडाचा वास, तीन घामेजलेले पुरुष गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. मी पायरीवर बसून बघत होते आणि मनात म्हणत होते की हे जूनमध्ये व्हायला काय हरकत होती.

बाबांचे डोळे अर्धे मिटले होते. बिडाचा तवा मधोमध लालसर व्हायला लागला होता. त्यांचा हात खाली गेला, डबा बादलीत बुडाला आणि सौनात जन्मभर जे केलं ते त्यांनी केलं. तापलेल्या शेगडीवर पाणी ओतलं.

फट्.

वाफेने कुणालाच काही दिसेना. वाफ विरली तेव्हा तव्याला या कडेपासून त्या कडेपर्यंत चीर गेलेली होती आणि ज्योत विझली होती. बाबा हातातल्या डब्याकडे बघत होते. काउको म्हणाला, “वाफ मात्र छान होती.” दुसऱ्या कुठल्याही देशात त्या म्हाताऱ्याला कुणीतरी वेड्यात काढलं असतं. आमच्यात कुणाला नवल वाटलं नाही, मलाही नाही. ती बादली तिथे असताना इतका वेळ कुणी ओतलं नाही हेच नवल.

मी ताउनोकडे बघितलं. वाटलं होतं, आता हा रडेल, नाहीतर पाना फेकेल. एवढे महिने घासलेली, जोपासलेली वस्तू त्याच्या डोळ्यांदेखत तडकली होती. पण त्याचे खांदे सैल झाले. चेहऱ्यावरचा ताण उतरला. परीक्षा पुढे ढकलल्याचं कळल्यावर शाळेतली पोरं जशी दिसतात तसा तो दिसत होता.

“आता नवीन तवा मागवावा लागेल,” तो हळूच म्हणाला. “तो यायला सप्टेंबर उजाडेल.”

बाबांनी शर्ट घालायला घेतला. बटणं लागेनात, ती मी लावली. परतताना गाडीत ते पुढच्या रस्त्याकडे बघत राहिले आणि वृद्धनिवासाच्या दारात म्हणाले, “माझ्या हाताने झालं. त्याला बोलू नकोस.” मी म्हटलं, बोलणार नाही. ते आत गेले. दाराजवळच्या बॅगेला वळसा घालून त्यांना जावं लागलं, ते मी बघितलं.

मी सरळ धक्क्यावर परत आले. वचन दिलं होतं त्याचं मला काही वाटत नव्हतं. ताउनो बोटीत एकटा बसून चिरलेल्या तव्यावरून बोट फिरवत होता.

“तुला ही शेगडी पेटायलाच नको होती,” मी म्हटलं.

त्याने तव्यावरची काजळी फुंकली.

“ताउनो, मी तुझं तोंड बघितलंय. खोटं बोलू नकोस.”

“मी कुठे काय बोललो?”

“तेच तर. एप्रिलपासून बोलला नाहीस. नळ काढ, नळ घाल. काउकोच्या कुत्र्याने शिंक दिली तरी सगळं उकलून बसायचं. मला वाटलं तुझा स्वभाव. मी मूर्ख.”

चिरेच्या टोकाशी त्याचं बोट थांबलं. मग म्हणाला, “ते म्हणाले, मग झालं.”

“काय झालं?”

“तू होतीस ना तिथे. रुइस्कारीला एक रात्र, मग झालं, म्हणाले. आई काय म्हणाली होती आठव. नातवाचं नाव ठेवलेलं बघते, मग झालं. बघितलं, केक खाल्ला, आणि बर्फ वितळायच्या आत गेली. आमच्या घरातली माणसं उगीच बोलत नाहीत, हिल्क्का. म्हणाली की करतात. जोवर ही पेटत नाही तोवर ते वाट बघतील. वाट बघायची असेल तर माणूस जेवतो, औषध घेतो. बॅग भरून बसतो.”

मला काय वाटलं ते सांगते. आधी भडभडून आलं. आम्ही इतकी वर्षं एका छपराखाली काढली आणि एवढी साधी भीती त्याने डेकच्या भोकात, वार्निशच्या थराखाली लपवली होती, मला सांगितली नव्हती. आणि मग त्या कळवळ्याच्या वरताण राग आला.

“मग तू काय करणार आहेस? त्यांना दाराजवळ बसवून मारणार आहेस?”

त्याने मान वर केली.

“जायचं तर ते जातील,” मी म्हटलं. “शेगडी पेटो न पेटो. न्यूमोनिया तुला विचारून येणार नाही. पण त्यांनी जन्मात एक गोष्ट मागितली, आणि आता त्यांना वाटतंय की ती त्यांनी आपल्याच हाताने फोडली. आज त्या बॅगेला वळसा घालून ते आत गेले. तुला बघायला हवं होतं ते.”

एवढं बोलून मी वर आले, कारण खाली राहिले असते तर मी बिडाचा तुकडा उचलून त्याला मारला असता, किंवा त्याच्या गळ्यात पडले असते, आणि दोन्हीला तिथे जागा नव्हती. पाऊस थांबला होता. मी धक्क्यावरच्या बाकावर बसून राहिले.

थोड्या वेळाने ताउनो बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता क्लबाच्या शेडकडे गेला. परतला तेव्हा त्याच्या काखेत जाड पोलादी पत्र्याचा तुकडा होता आणि हातात चुलीचा लेप. त्याने मोजलं नाही. खडूने तव्याचा आकार पत्र्यावर काढला, कापला, कडा घासल्या, एकदाच, चिरेवर लेप थापला, वर पत्रा बसवून बोल्ट आवळले. मी बॅटरी धरायला गेले तर म्हणाला, दिसतंय मला. काउको कुत्र्याला घेऊन आला, थांबला, खिशात हात घातले. मी त्याला म्हटलं, “काउको, ‘हं’ म्हणालास तर पाण्यात ढकलीन.” तो कुत्र्यासकट आल्या पावली परतला.

दुसऱ्या दिवशी लेप वाळल्यावर ताउनोने शेगडी पेटवली. धूर नाही, गळती नाही. राईलीने दिलेलं, विषारी वायू झाला तर वाजणारं यंत्र आम्ही बाकाशेजारी लटकवलं होतं, तेही गप्प राहिलं. पत्रा वाकडा होता, एका बाजूने बोटभर बाहेर आलेला, आणि बोल्ट एका जातीचे नव्हते. इतकं ओबडधोबड काम त्या माणसाने आयुष्यात केलं नसेल. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. बाबांना फोन मात्र त्यालाच करायला लावला.

“पेटली,” तो म्हणाला. आणि मग, “नाही, दुरुस्त झाली. हो. शनिवारी. हो, बाबा, मोजे घ्या.”

शनिवारी वारा मागून होता, हलका, पण थंड. राईलीने धक्क्यावर बाबांना इतकं गुंडाळलं की त्यांना हात वर करता येईना. आत शेगडी धगधगत होती, मी सगळं तयार ठेवलं होतं, अंथरूण, पांघरूण, सूप. ते आत गेलेच नाहीत. सुकाणूपाशी बसून राहिले, नाकाला थेंब आणि तोंडावर ऊन. एकेका खडकाचं नाव घ्यायचे, आणि नकाशात ते दुसरंच काही असायचं, मग नकाशा चुकलाय म्हणायचे. ताउनोने एकदा विचारलं, आत चलता का, थंडी वाजेल. बाबा म्हणाले, “शेगडी बघायला आलोय का मी?” मी आत जाऊन रिकाम्या, उबदार केबिनमध्ये एकटीच सूप प्यायले. एवढ्या उन्हाळ्याच्या मनस्तापानंतर ती ऊब माझ्या एकटीच्या वाट्याला आली होती, आणि मी ती सोडणार नव्हते.

खाडीत नांगर पडला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. किनाऱ्यावर शेकोट्या पेटल्या, आधी एक, मग पलीकडच्या टोकाला दुसरी. बाबांच्या जुन्या घराच्या अंगणातही लोकांनी कंदील लावले होते. कुणीतरी लहान होडीतून आलं, बाबांना त्यांच्या वडिलांच्या नावाने ओळखलं, भाजलेले मासे देऊन गेलं. बाबांनी एक पूर्ण मासा खाल्ला, बोटं चाटली. अंधार पडल्यावर त्यांना आत आणलं, मोजे घातले, शेगडीजवळच्या बाकावर निजवलं. ते लगेच झोपले.

ताउनो झोपला नाही. मला जाग यायची तेव्हा तो समोरच्या बाकावर कोपरांवर टेकून बसलेला असायचा, बापाच्या छातीवरच्या पांघरुणाकडे बघत. मी म्हटलं, आडवा हो. तो म्हणाला, शेगडीकडे लक्ष ठेवायला हवं.

सकाळी मी डोळे उघडले तेव्हा काचेतून उजेड आत आला होता आणि ताउनो उभा होता, मान वाकवून, कारण केबिनमध्ये त्याला सरळ उभं राहता येत नाही. बाबांचं तोंड भिंतीकडे होतं. पांघरूण हलत होतं की नाही, मला माझ्या जागेवरून कळेना. ताउनोच्या तोंडावरूनही कळेना. मी उठून बसले. ‘मी मागे लागले म्हणून’ हे एकच डोक्यात घुमायला लागलं.

“ही शेगडी चुकीच्या जागी बसवलीय,” बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

ताउनो खाली बसला, म्हणजे जवळजवळ पडलाच.

बाबा सावकाश कुशीवर वळले. त्यांचे गाल लाल झाले होते, केस उभे. “पाय भाजले रात्रभर आणि डोकं गारठलं. ही पुढे हवी, डोलकाठीकडे. नळ डाव्या अंगाने न्यायचा. आणि वरचा तो पत्रा कुणी बसवला? लाज नाही वाटली?”

“मी,” ताउनो म्हणाला.

“मुलांना काय शिकवलंस मग इतकी वर्षं? सगळं काढ. हिवाळ्यात घे करायला, बोट वर असेल तेव्हा. असल्या शेगडीशी मी पुन्हा झोपणार नाही.”

“पुढच्या वर्षी?” ताउनोने विचारलं. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

“मग काय आत्ता? आत्ता कॉफी टाका.”

ताउनो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने तोंड हातांत लपवलं, आणि मग ते हसणं राहिलं नाही. बाबांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं, छताकडे बघत राहिले, पण त्यांचा हात पांघरुणातून बाहेर आला आणि ताउनोच्या गुडघ्यावर पडला.

मी कॉफीचं भांडं घेऊन वर आले. खाडीवर धुकं होतं, किनाऱ्यावरच्या शेकोट्यांची राख ओली झालेली. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी डोक्यात जात होतं, कारण आता पुन्हा पुठ्ठा येणार, पुन्हा मोजमाप, पुन्हा काउको, पुन्हा अख्खा हिवाळा शेगडी. मी भांडं विसळलं, गोडं पाणी भरलं. खालून बाबांचा आवाज आला की धुराड्यासाठी नवीन भोक कुठे पाडायचं ते इथेच, आत्ताच ठरवून टाकू. मी वरूनच म्हटलं, पाडा.